काळा आजार आणि हातचें गेलेलें औषध

कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्यें एक लहानशी खोली होती. तींत गॅसची सोय नव्हती, पाण्याचा नळ नव्हता आणि विजेचा दिवाही नव्हता. रात्र पडली म्हणजे रॉकेलच्या दिव्याच्या उजेडांत तेथें काम चाले. याच खोलींत डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं १९२० सालच्या सुमारास अँटिमनी धातूपासून ‘युरिया स्टिबामाईन’ नांवाचें औषध तयार केलें. बंगाल, बिहार आणि आसाम या प्रांतांतील असंख्य माणसें त्या औषधानें मरणाच्या दारांतून परत आलीं. सरकारनें ब्रह्मचारी यांना १९३४ सालीं ‘सर’ ही पदवी दिली. १९४६ सालीं ते निवर्तले तेव्हां काळ्या आजारावर आतां कायमचा उपाय सांपडला आहे, अशीच सर्वांची समजूत होती.

परंतु त्या खोलींतील शोधाला ऐंशी वर्षें होतात न होतात तोंच, त्याच धातूचीं औषधें उत्तर बिहारांत इतकीं निष्प्रभ झालीं कीं दहा रोग्यांपैकीं चारही त्यांनीं बरे होईनात. औषध तेंच, रोग तोच, माणसेंही त्याच मातींतलीं. मग मधल्या काळांत बिघडलें काय? या प्रश्नाचें उत्तर एका प्रांतापुरतें नाहीं. औषध शोधून काढणें जितकें कठीण, तितकेंच तें टिकविणें कठीण असतें, हें या हकीकतीवरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसऱ्या एखाद्या रोगाच्या इतिहासांत दिसेल.

मुंबई-पुण्याकडील घरांत काळ्या आजाराचें नांव फारसें ऐकूं येत नाहीं. हिंवताप, विषमज्वर, क्षय यांची ओळख असलेल्या कुटुंबांनाही हा रोग परका वाटतो. गंगेच्या उत्तरेकडील बिहार, त्याला लागून असलेली नेपाळची तराई, बंगाल आणि बांगला देश हें त्याचें ठाणें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आसामांत त्याची साथ ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतून वर वर सरकत गेली, तेव्हां गांवेंच्या गांवें ओस पडलीं. या रोगांत ताप आठवड्यांमागून आठवडे हटत नाहीं. पानथरी वाढून डाव्या बरगडीखालून पोटांत उतरते, यकृत फुगतें, रक्त कमी होतें, हातापायांच्या काड्या होतात आणि पुष्कळ रोग्यांची कातडी काळवंडते. त्यावरूनच हें नांव पडलें. उपचार न झाल्यास शेंकडा ९५ हून अधिक रोगी दगावतात. शरीराची प्रतिकारशक्ति पार खचून गेल्यामुळें शेवटचा घाव पुष्कळदां न्यूमोनिया, अतिसार किंवा क्षय घालतो, आणि खरें कारण मागेंच राहतें.

या रोगाचा जंतु १९०३ सालीं उजेडांत आला. कलकत्त्याजवळील डमडम येथें तापानें पछाडलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेंत विल्यम लीशमन यांना कांहीं बारीक गोल कण दिसले होते. मद्रासेंत चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच कण स्वतंत्रपणें आढळले. रोनाल्ड रॉस यांनीं दोघांचींही नांवें जोडून या जंतूला ‘लीशमानिया डोनोव्हनी’ असें नांव दिलें. या जंतूचें धाडस असें कीं शरीरांत शिरलेल्या परक्या जंतूंना गिळून टाकण्याचें काम ज्या रक्षक पेशींकडे असतें, त्यांच्याच पोटांत तो बिऱ्हाड करतो आणि तेथेंच वाढतो. कोतवालाच्याच घरांत चोरानें वस्ती करावी, तसा हा प्रकार आहे.

हा जंतु एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेण्याचें काम वाळूमाशी करते. ही माशी डांसाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाएवढी असते. ती उडतांना आवाज करीत नाहीं. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर जमिनींत, शेणकचऱ्याच्या आसपास ती राहते, आणि रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तिचा अपराध सिद्ध करण्यास संशोधकांना फार दिवस लागले. एकदां रक्त प्यालेली माशी प्रयोगशाळेंत फार दिवस जगत नसे. तिला मनुकांचा रस चाखावयास दिला म्हणजे जंतु तिच्या अंगांत भरपूर वाढतात, हें ध्यानांत आल्यावर मार्ग मोकळा झाला. आणि १९४२ सालीं स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून माशीच्या दंशानें रोग होतो हें निर्विवाद दाखवून दिलें.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत याच जातीचा रोग कुत्र्यांत वास करतो. तेथें माणूस हा वाटेंत सांपडलेला पाहुणा. हिंदुस्थानांत मात्र माणसाखेरीज या जंतूचें दुसरें घर आढळलेलें नाहीं. रोग्यापासून माशी, माशीपासून दुसरा रोगी, असें हें चक्र फिरतें. म्हणून जो रोगी पूर्ण बरा झाला त्यानें चक्राचा एक आरा मोडला, आणि जो अर्धवट बरा झाला त्यानें तें पुढें चालूं ठेविलें. पुढील सर्व अनर्थाचें मूळ याच एका वस्तुस्थितींत आहे.

आतां औषधाकडे वळावयाचें. अँटिमनी म्हणजे सुरम्याच्या खनिजांत असणारा धातु. ब्राझीलमध्यें गास्पार व्हियाना यांनीं १९१२ सालीं या धातूचा ‘टार्टार एमेटिक’ हा क्षार कातडीवरील लीशमानिया रोगावर वापरला. १९१५ सालीं सिसिलींत आणि कलकत्त्यास तो आंतल्या रोगावर, म्हणजे काळ्या आजारावर, वापरण्यांत आला. गुण येई, परंतु तो क्षार विषारी होता; उलट्या, खोकला, हृदयाचा अशक्तपणा यांनीं रोगी हैराण होत आणि उपचार महिनेनमहिने चाले. ब्रह्मचारी यांच्या औषधानें हा काळ आठवड्यांवर आणला. पुढें त्याच जातीचें सोडियम स्टिबोग्लुकोनेट आलें, आणि तेंच पन्नास वर्षें या रोगावरील मुख्य शस्त्र राहिलें.

या औषधाच्या जोडीला एक अनपेक्षित साह्य मिळालें. १९५० नंतर हिंवतापाचा नायनाट करण्यासाठीं घरोघर डी. डी. टी. फवारण्यांत आली. ती डांसांसाठीं होती, पण भिंतीच्या भेगांत राहणारी वाळूमाशीही तिनें मेली आणि काळा आजार बहुतेक दिसेनासा झाला. त्या पिढींतील तरुण डॉक्टरांस हा रोग ग्रंथांतच वाचावयास मिळे. फवारणी थांबल्यावर माशी परतली आणि १९७७ च्या सुमारास उत्तर बिहारांत रोगानें पुन्हां डोकें वर काढलें. त्या साथींत सुमारें एक लाख माणसें सांपडलीं असावींत असा अंदाज आहे. १९९२ सालीं एकट्या हिंदुस्थानांत ७७,१०२ रोगी आणि १,४१९ मृत्यु सरकारदरबारीं नोंदले गेले.

रोग परतला तेव्हां औषध हातांत होतें. पण तें पूर्वीइतकें लागूं पडत नव्हतें. प्रथम किलो वजनामागें १० मिलिग्रॅम औषध सहा ते दहा दिवस टोचलें म्हणजे पुरेसें होई. तेवढ्यानें गुण येईना, तेव्हां १९८४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं तें प्रमाण दुप्पट करून वीस दिवस देण्यास सांगितलें. मात्र दिवसाला ८५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. १९९० सालीं ती मर्यादाही काढावी लागली आणि उपचार महिन्याच्या घरांत गेला. औषध वाढत होतें, गुण घटत होता. अखेर काशी हिंदु विश्वविद्यालयाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांचे सहकारी यांनीं पूर्ण प्रमाणांत, पूर्ण तीस दिवस, डोळ्यांदेखत औषध देऊन त्याचा निकाल २००० सालीं प्रसिद्ध केला. उत्तर प्रदेशांतील रोग्यांपैकीं शेंकडा ८६ बरे झाले. बिहारच्या रोगग्रस्त भागांतील रोग्यांपैकीं शेंकडा ३५. औषध एक, वैद्य एक, प्रमाण एक. फरक होता तो जंतूंत. प्रयोगशाळेंत तपासतां असें आढळलें कीं औषधाला दाद न देणाऱ्या रोग्यांच्या जंतूंना मारण्यास सुमारें तिप्पट औषध लागत होतें.

जंतूंत हा फरक कोठून आला? शेतकऱ्याला हराळीची ओळख असते. वरवर खुरपणी केली तर उथळ मुळांची हराळी जाते आणि खोल मुळांची तेवढी शिल्लक राहते. असें दोन-चार हंगाम झाले म्हणजे साऱ्या शेतांत खोल मुळांचीच हराळी माजते. रोग्याच्या शरीरांतील कोट्यवधि जंतूंपैकीं कांहीं थोडे जन्मतःच औषधाला कणखर असतात. भरपूर औषध पुरेसे दिवस मिळालें तर तेही मरतात. औषध अर्धें पडलें तर दुबळे मरतात, कणखर उरतात, आणि वाळूमाशी त्यांनाच उचलून शेजारच्या झोंपडींत नेते. कणखरपणाची युक्तिही आतां बरीचशी उलगडली आहे. अँटिमनी ज्या द्वारानें जंतूच्या अंगांत शिरते तें द्वार तो आखडून घेतो. जी शिरते तिला बांधून टाकणारें द्रव्य तो अधिक निर्माण करतो. आणि बांधलेलें विष आंतल्या कप्प्यांत लोटून तेथें कोंडून ठेवतो किंवा बाहेर टाकतो.

आणि औषध अर्धें पडत होतें, याबद्दल शंका घेण्यास जागा नाहीं. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या बिहारमधील पाहणींत ठरलेल्या नियमाप्रमाणें उपचार झालेले रोगी शेंकडा २६ च निघाले. बाकीच्यांची कहाणी ठराविक होती. औषध कोणासही बाजारांत विकत मिळे आणि तें टोचणारे पुष्कळ जण वैद्यकाचें शिक्षण न घेतलेले असत. मूत्रपिंडांना अपाय होईल या भीतीनें कोणी लहान मात्रेनें आरंभ करून ती हळूहळू वाढवी, कोणी एका दिवसाची मात्रा दोनदां विभागून देई, कोणी मध्यें चार दिवस औषधाला ‘सुटी’ देई. या सर्व युक्त्या रोग्याच्या कळकळीनें केलेल्या, पण जंतूला तालीम देणाऱ्या ठरल्या. रोग्याकडे पाहावें तर तो बहुधा भूमिहीन मजूर. दहा-बारा टोचण्यांत ताप उतरे, भूक लागे, अंगांत उभें राहण्याची ताकद येई. तेवढ्यांत घरांतील शेळी विकून आलेला पैसाही संपे. ताप नाहीं, पैसा नाहीं आणि मजुरी तर बुडते आहे, अशा वेळीं उरलेल्या टोचण्या कोण घेईल? त्याला दोष देणें सोपें आहे. परंतु ताप उतरणें म्हणजे रोग जाणें नव्हे, हें त्याला समजावून सांगणारें आणि उरलेलें औषध फुकट देणारें माणूस त्याच्याजवळ नव्हतें, हा दोष मोठा होता.

संशोधकांनीं आणखीही एका कारणाकडे बोट दाखविलें आहे. बिहारच्या कांहीं भागांत विहिरी-नळांच्या पाण्यांत सोमल आहे. सोमल आणि अँटिमनी हे रसायनशास्त्रांतले सख्खे भाऊ. तेव्हां वर्षानुवर्षें सोमलयुक्त पाणी पिणाऱ्या माणसांच्या शरीरांत जंतूला अँटिमनी पचविण्याची आधींच संवय लागली असावी, असा हा तर्क. सोमल घातलेलें पाणी पाजलेल्या उंदरांवरील प्रयोगांनीं त्याला पाठबळ मिळालें आहे. माणसांत मात्र तो पुरता सिद्ध झालेला नाहीं.

अँटिमनी हातची गेल्यावर पर्याय शोधणें प्राप्त होतें. पेंटामिडीन हें दुसरें औषध कांहीं वर्षें वापरलें गेलें. त्याचाही गुण लौकरच उतरला, आणि कांहीं रोग्यांना त्यानें कायमचा मधुमेह जडला. नंतर अँफोटेरिसिन बी आलें. तें खात्रीचें होतें. पण महिनाभर रुग्णालयांत राहून, दिवसाआड, तासन् तास शिरेंतून घ्यावें लागे. हुडहुडी भरे आणि मूत्रपिंडांवर ताण पडे. मग २००२ सालीं मिल्टेफोसिन या औषधास हिंदुस्थानांत परवानगी मिळाली. मूळ कर्करोगासाठीं बनविलेल्या या औषधानें काळ्या आजाराचे शेंकडा ९४ रोगी बरे होत, आणि पोटांत घ्यावयाचें असें तें या रोगावरील पहिलेंच औषध होतें. सुईची भीति गेली, रुग्णालयाचा मुक्काम गेला. पण त्याबरोबर देखरेखही गेली. गोळ्या २८ दिवस घ्यावयाच्या, त्यांनीं उलट्या-जुलाब होत, गर्भाला धोका असल्यामुळें स्त्रियांना उपचारानंतरही कांहीं महिने गर्भ राहूं न देण्याची काळजी घ्यावी लागे. शिवाय हें औषध शरीरांतून फार सावकाश निघतें. कित्येक आठवडे त्याचा अल्पांश रक्तांत रेंगाळतो, आणि जंतूला तालीम देण्यास तेवढा पुरतो. दहा वर्षांनीं पाहिलें तों बरे होणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ९० वर आलें होतें. नेपाळांत तर वर्षभराच्या आंत पांचांतील एका रोग्याचा रोग उलटला. उलटलेल्या रोग्यांच्या जंतूंत प्रतिकार स्पष्ट असा आढळला नाहीं हें खरें. परंतु एकदां हात पोळलेल्यांनीं दुसऱ्यांदां वाट पाहत बसणें शहाणपणाचें नव्हतें.

या अनुभवांतून जें धोरण निघालें त्याचा गाभा साधा आहे: रोग्याला उपचार अर्धा टाकण्याची संधीच ठेवूं नये. चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळलेलें अँफोटेरिसिन एकदांच, किलोमागें १० मिलिग्रॅम, शिरेंतून दिलें तर शेंकडा ९५ हून अधिक रोगी बरे होतात, हें २०१० सालीं बिहारमध्येंच सिद्ध झालें. सकाळीं आलेला रोगी दुसऱ्या दिवशीं घरीं जातो आणि त्याच्या उपचाराचा शेवटचा थेंब डॉक्टरांच्या समोर संपलेला असतो. हें औषध महाग. २०११ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें उत्पादक कंपनीशीं करार करून ४,४५,००० कुप्या देणगी म्हणून मिळविल्या, आणि २०१४ पासून हिंदुस्थानच्या सरकारी मोहिमेंत हाच उपचार पहिला मानला गेला. दुसरा मार्ग दोन औषधें एकत्र देण्याचा. एका औषधांतून निसटणारा जंतु दुसऱ्याच्या हातीं सांपडतो; दोहोंतूनही एकाच वेळीं निसटणारा फारच विरळा. क्षयावर अनेक औषधें एकदम देण्यामागेंही हेंच तत्त्व आहे.

हिंदुस्थान, नेपाळ आणि बांगला देश यांनीं २००५ सालीं एकत्र येऊन या रोगाचें उच्चाटन करण्याचें ठरविलें. दर तालुक्यांत, बिहारच्या भाषेंत दर ब्लॉकांत, वर्षाला दहा हजार वस्तीमागें एकाहून कमी रोगी, हें त्यांचें माप. बोटाच्या टोंकांतून काढलेल्या थेंबभर रक्तावर कांहीं मिनिटांत होणारी पट्टीची चांचणी गांवोगांव पोंचली. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन दोन आठवड्यांहून अधिक ताप असलेलीं माणसें शोधूं लागल्या. वाळूमाशीनेंही डी. डी. टी. ला दाद देण्याचें सोडलें होतें, म्हणून २०१५ नंतर फवारणीचें द्रव्य बदलण्यांत आलें. बांगला देशानें ठरविलेलें माप गांठल्याची खात्री जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं दिली. त्याच वर्षीं हिंदुस्थानांतील सर्व ब्लॉक त्या मापाच्या आंत आल्याचें सरकारनें जाहीर केलें. जेथें १९९२ सालीं सत्याहत्तर हजार रोगी होते, तेथें आतां वर्षाला हजारही नव्हते.

हा विजय मोठा आहे, पण तो कशावर उभा आहे हें विसरतां येत नाहीं. मुख्य औषध एकच; तें थंड ठेवावें लागतें आणि तें देणगीच्या वाटेनें येतें. प्रयोगशाळेंत या औषधालाही जंतूस सरावितां आलें आहे. शिवाय बऱ्या झालेल्या दर शंभर रोग्यांपैकीं पांच ते दहा जणांच्या तोंडावर आणि अंगावर कांहीं महिन्यांनीं किंवा वर्षांनीं फिकट चट्टे अगर गांठी उठतात. १९२२ सालीं ब्रह्मचारी यांनींच या विकाराचें वर्णन केलें. त्यांत दुखत नाहीं, ताप येत नाहीं. कोड किंवा महारोग समजून लोक तो लपवितात. परंतु त्या चट्ट्यांत जंतु जिवंत असतो आणि वाळूमाशी तो तेथून उचलूं शकते, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. त्यावर मिल्टेफोसिनच्या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात. ज्याला कांहींच होत नाहीं अशा माणसानें तीन महिने मळमळ सोसून गोळ्या घ्यावयाच्या, ही अपेक्षा मोठी आहे. आणि जुनी चूक पुन्हां घडण्याचा संभव नेमका येथेंच आहे.

रोग दुर्मिळ झाला म्हणजे त्याची आठवणही दुर्मिळ होते. डी. डी. टी. च्या काळानंतर तसेंच झालें होतें. बिहारांतून कामासाठीं मुंबई-पुण्यास आलेल्या एखाद्या माणसाचा ताप पंधरा दिवस हटत नसेल आणि त्याची पानथरी वाढली असेल, तर तो काळ्या आजाराच्या प्रदेशांतून आला आहे एवढें डॉक्टरांच्या कानांवर घालणें ज्याच्या घरीं तो काम करतो त्यालाही सहज शक्य आहे. ताप उतरला म्हणून त्याला लगेच कामावर न बोलावितां उपचार पुरा होईपर्यंत त्याची मजुरी चालूं ठेवणें, हेंही त्याच घराच्या हातीं आहे. उत्तर बिहारांत औषध हातचें गेलें त्यांत जंतूच्या चतुराईइतकाच हिस्सा, तापानंतरचे वीस दिवस रोग्याला परवडत नव्हते, या एका गोष्टीचा होता.